फसव्याचं कलम

आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, मला पसंत केलं ते आंब्यापायी. हे मी त्यांच्या तोंडावर म्हणायचे आणि त्या हसून म्हणायच्या, "मंग? तुज्यात काय हुतं बघन्यासारखं?" मुलगी बघायला म्हणून त्या आमच्या गावी आल्या तेव्हा ज्येष्ठ लागला होता. पडवीत गवताची आढी घातलेली होती. त्या गवतात हात घालून दादांनी, माझ्या वडिलांनी, एक हिरवागार आंबा काढला आणि पाहुणीच्या हातावर ठेवला. पाहुणीला कैरी देतात हे कसलं वागणं, असं आत्याबाईंच्या चेहऱ्यावर स्वच्छ उमटलं. दादा म्हणाले, "दाबून बघा." त्यांनी दाबला, देठाशी मोकळा केला, तोंडाला लावला, आणि मग माझ्याकडे बघायचं त्या विसरूनच गेल्या. मी पोह्यांची बशी धरून उभी होते ती उभीच राहिले.

त्या आंब्याचं नाव फसव्या. आमच्याकडे प्रत्येक रायवळ झाडाला नाव असायचं, माणसांना असतं तसं आणि तितकंच खोचक. फसव्या पिकला तरी वरून हिरवाच राहायचा. त्याला राखण लागत नसे, कारण चोराला तो पिकलाय हे कळतच नसे. पोपटसुद्धा फसतात असं दादा सांगायचे. ते खोटं होतं, पोपट कधी फसत नाहीत. पिकल्याची खूण एकच, देठाजवळ नाक नेलं की बडीशेपेचा वास यायचा. तो वास दादांना चार हातांवरून यायचा, मला नाक टेकवावं लागायचं.

झाड मुळा नदीच्या काठी मळईत, गाळाच्या जमिनीत होतं. माझं सगळं लहानपण त्या झाडाखाली लोळण्यात गेलं असं म्हटलं तर आई रागवेल, कारण कामं मी केलीच होती. पण आठवतं ते लोळणंच. पाठीखाली गार माती, वर पानांचा हिरवा अंधार, त्यात कुठे कुठे उन्हाचे कवडसे हलताहेत, आणि पलीकडे नदी अंगणातल्या म्हातारीसारखी स्वतःशीच बोलते आहे. डोळे अर्धवट मिटले की झाड पाण्यात बुडालंय आणि आपण तळाशी पडून वर बघतोय असं वाटायचं. हे मी एकदा बोलूनही दाखवलं होतं. पुढे जे झालं त्यानंतर आई म्हणायची, "हिच्याच तोंडानं झालं."

नदीवर धरण होत होतं. किती वर्षं होत होतं, त्यामुळे ते कधी पुरं होईल असं गावात कुणालाच खरं वाटत नव्हतं. माझं लग्न झालं त्या वैशाखात मात्र ठरलं, की या पावसाळ्यात पाणी अडवायचं. मळई जाणार, गाव जाणार. दादांना लांब माळावर जमीन मिळाली होती. घराची लाकडं उतरवून तिकडे नेलीही होती, आणि आईदादा जुन्या जागी गोठ्याच्या छपरात राहत होते. दादा जमिनीबद्दल एक शब्द बोलायचे नाहीत. फसव्याबद्दल कुणी विचारलं तर म्हणायचे, "झाड काय पाटी हाय व्हय डोक्यावर घिऊन जायला?"

लग्नानंतरच्या पहिल्या आखाडात सुनेनं सासूचं तोंड बघायचं नाही, म्हणून नवरीला माहेरी धाडतात. मला न्यायला दादाच सोनईकडे, माझ्या सासरी आले. तेव्हा पहिल्यांदा त्यांच्या खांद्याला तो फिरकीचा तांब्या दिसला, पितळी, वर आट्यांचं झाकण, गळ्यात सुतळी. लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरचं अन्न घ्यायचं नाही, पाणीही नाही. ही रीत बऱ्याच घरांत नावापुरतीच उरली होती. दादांनी मात्र ती पुरती धरली होती. ओट्यावर बसून ते स्वतःच्या तांब्यातलं पाणी प्यायले आणि त्यांनी झाकण घट्ट लावलं. आत्याबाई दाराआडून म्हणाल्या, "आमच्या आडात काय साप पवतोय का काय, इवाई?" दादा हसले, पण तांब्या काही त्यांनी खाली ठेवला नाही.

मी निघताना आत्याबाईंनी माझ्या पुढ्यात तीन गाडगी आणून ठेवली. तिन्हींत आंब्याची रोपं. त्यांच्या उकिरड्यावर गेल्या पावसाळ्यात उगवलेली, बोटाएवढ्या खोडाची. "इवाई," त्या म्हणाल्या, "फसव्या बुडनार आसं ऐकलंय. याच्यावर बांधा. पोरगी म्हैनाभर तिथंच हाय, पानी घालंल. पोरगी आखाडात माह्यारी जाती, मोकळी परत यीती, ह्ये काय मला आवडत न्हाई."

दादा रोपांकडे बघत राहिले. मग त्यांनी एकेक खोड दोन बोटांत धरून फिरवलं. गावात कलम बांधणारे तेच होते, पण फसव्याचं त्यांनी कधी बांधलं नव्हतं. असं झाड एकच असावं, अशी त्यांची हौस. आता मात्र त्यांनी तिन्ही गाडगी उचलून स्वतः गाडीत ठेवली. पुढे एसटीत एक गाडगं माझ्या मांडीवर, दोन त्यांच्या. कंडक्टर म्हणाला, "पोरांचं अर्धं तिकीट काढू का?" मी लाजले. दादा इतक्या दिवसांनी मोठ्यानं हसले.

फसव्याची एक फांदी नदीच्या बाजूला पार खाली आली होती. तिच्याखाली दादांनी चार मेढी रोवून माचा केला आणि त्यावर गाडगी ठेवली. मग रोपाला जोडायची काडी निवडायला लागले. त्यात अर्धा दिवस गेला. फांदीच्या टोकाशी जाऊन ते प्रत्येक काडीचा शेंडा बोटानं चाचपत आणि पुढे सरकत.

"ही घ्या की," मी म्हणाले. तिच्यावर कोवळी तांबूस पालवी होती, मला ती सुंदर वाटली.

"ती नगं. काडी मागल्या सालची पायजे. कवळी नगं, जून बी नगं. डोळा फुगलेला पायजे पर फुटलेला नसावा. फुटला का त्यो आपल्याच नादात ऱ्हातो, दुसऱ्याला काय धरनार?"

त्यांनी माझं बोट धरून एका शेंड्यावर टेकवलं. पानांच्या झुबक्यात एक टणक, टच्च फुगलेला दाणा हाताला लागला. आत काहीतरी दम धरून बसलंय असं वाटलं. पुढे मी कितीतरी शेंड्यांवर बोट टेकवलंय, पण ते पहिलं बोट अजून आठवतं.

बांधणं तसं सोपं दिसतं. रोपाच्या खोडाची आणि झाडाच्या काडीची चार बोटं साल, जराशा लाकडासकट, सपाट सोलून काढायची. दोन्हीकडचं ओलं पांढरं लाकूड उघडं पडतं. ते वाऱ्यानं सुकायच्या आत एकमेकाला असं लावायचं की सालीला साल मिळाली पाहिजे. वर केळीच्या सोपाची ओली दोरी गच्च गुंडाळायची, तिच्यावर शेणमाती. दादा हे करत असताना मला बोलायची बंदी होती. "थुंकी उडती," ते म्हणायचे. मला वाटतं त्यांनाच कुणाचं बोलणं नको असायचं. त्यांची मान खाली, ओठ आवळलेले, आणि हातातली चाकूची पात सालीखालून अशी सरकायची की आवाजच यायचा नाही.

तिन्ही कलमं बांधून झाली तेव्हा मी विचारलं, "आता कधी तोडायची?"

"तोडायची न्हाईत. सोडवायची. दोन म्हैनं तरी जाऊ दे. मंग जोडाच्या खाली, झाडाच्या बाजूनं, चोरकाप द्यायचा. येकतिहाई. आट दिसांनी आजून थोडा. काडीला कळू द्यायचं न्हाई का आईनं हात सोडला. तवर ती खालच्या रोपाचं पानी प्यायला शिकती. घाई केली का सुकती."

"मला तर एका दिवसात तोडून पाठवलंत," मी म्हणाले.

ते गाडग्यात पाणी घालून गावाकडे चालायला लागले. मी बोलले ते थट्टेत, पण मला ते लागलेलंच होतं, नाही असं नाही.

तो आखाड माझ्या आयुष्यातला सगळ्यात रिकामा आणि सगळ्यात भरलेला महिना. गाव अर्धं उठून गेलेलं. घरांना छपरं नाहीत, उघड्या भिंतींच्या आत पावसानं गवत उगवलेलं, चुलीच्या जागी लाल मुंग्यांची रांग. आई मात्र रिवाजाप्रमाणे आखाड तळत होती. कढईत कापण्या आणि पुऱ्या, खाणारे आम्ही तिघं. मी सकाळ-संध्याकाळ माच्यावर चढून गाडग्यांना पाणी घालायची आणि उरलेला वेळ तिथंच पाय सोडून बसायची. भुरभुर पाऊस. पानांवरून ठिबकणारं पाणी. नदीचा आवाज बदलत चालला होता, तिची बडबड हळूहळू थांबत होती. एक दिवस कान दिला तर आवाजच नाही. पाणी वाहायचं सोडून नुसतं रुंद होत होतं. बांधाला लागलं, मग बांध दिसेनासा झाला. भीती वाटायला हवी होती, पण मला गुंगी आल्यासारखं व्हायचं. पाणी इतकं सावकाश, इतकं न बोलता येत होतं.

आखाड सरला. सासरहून निरोप आला, की पंचमी करूनच पाठवा. दादांना तेवढेच दिवस वाढवून मिळाले. पण पाणी मळईत शिरलं होतं. कलमं बांधून महिना पुरता झाला नसताना त्यांनी तिन्ही काड्यांना चोरकाप दिला. एकीला जरा खोल गेला म्हणून स्वतःवरच चिडले. दुसऱ्या दिवशी पानं ताठ होती. "धरलंय," ते म्हणाले. पण त्यांचा चेहरा बघून मला कळलं, की नुसतं हात लावण्यापुरतंच धरलंय.

पंचमीच्या दिवशी सकाळी बायका वारुळाला जातात. आमचं वारूळ पाण्याखाली गेलं होतं. आईनं पाटावर चंदनाचा नाग काढला, लाह्या-दूध वाहिलं, आणि आम्ही बांधावर येऊन बघितलं तर माच्याच्या फळ्या ओल्या झाल्या होत्या. रात्री वर घाटात पाऊस झाला असावा. गाडगी अजून कोरडी होती. उद्यापर्यंत ती राहणार नव्हती.

मी गोठ्यातून विळा घेऊन आले. कासोटा घातला आणि दादांच्या मागून पाण्यात शिरले. पाणी कमरेला लागलं. तळाची माती तीच होती, पायांना ओळखीची, गार. झाडाशी पोचलो तसा दादांनी हात पुढे केला. मी विळा दिला. त्यांनी तो घेतला आणि वरच्या फांदीच्या बेचक्यात अडकवून ठेवला.

"आज पातं लावायचं न्हाई," ते म्हणाले.

पंचमीला चिरायचं नाही, कापायचं नाही, जमीन उकरायची नाही, चुलीवर तवासुद्धा चढवायचा नाही. नागाला लागतं. आमच्या घरात त्या दिवशी भाजीही मोडून शिजवायचे आणि जेवायला उकडलेली दिंडं. हे मला काय माहीत नव्हतं? पण मला संताप आला. "दादा, उद्या झाडच ऱ्हानार न्हाई! नागबी गेला समदा वाहून, आन् तुमी इळ्याचं घेऊन बसलात!"

"मोडायची कुनी बंदी केलीया?" ते शांतपणे म्हणाले.

ज्या काडीला काप खोल गेला होता ती त्यांनी आधी धरली. एका हातात जोड, दुसऱ्या हातात झाडाकडची फांदी, आणि अंगठ्यानं दाबली. कट आवाज आला आणि ती स्वच्छ मोकळी झाली. माझ्या जिवात जीव आला. दुसरी धरली. ती वाकली, मोडली, पण सालीनं सोडलं नाही. साल लांबत गेली, ओली हिरवी पट्टी, थेट जोडापर्यंत, आणि शेणमातीसकट दोरी उचकटली. तिसरी त्यांनी फार जपून धरली. तिचंही तेच झालं. दादा दोन सोललेली कलमं हातात घेऊन कमरेभर पाण्यात उभे राहिले. मला रडू फुटलं ते दुःखाचं नव्हतं, रागाचं होतं. डोक्यावर हात नेला असता तर विळा हाताला लागला असता.

गाडगी डोक्यावर घेऊन आम्ही बाहेर आलो. विळा तिथंच राहिला.

सोललेली दोन कलमं सासरी पोचेपर्यंतच मलूल झाली आणि पुढच्या आठवड्यात त्यांची पानं करपली. पहिलं, स्वच्छ मोडलेलं, आत्याबाईंनी न्हाणीच्या मोरीपाशी लावलं, म्हणजे घरातल्या अंघोळीचं पाणी त्याला जाईल. वर कोंबड्यांचं डालगं उपडं घातलं. रोपाचा स्वतःचा शेंडा जोडाच्या वरून छाटायचा असतो, म्हणजे सगळा रस काडीला जातो. तो दादांनी एका फेरीत येऊन छाटला. पंचमी होऊन बरेच दिवस झाले होते. छाटताना त्यांचा हात थांबला, आणि त्यांनी तिथी विचारून घेतली. त्यांच्या डोळ्याला डोळा देणं मला जमलं नाही.

काडी महिनाभर तशीच, ना हिरवी ना वाळलेली. मी रोज शेंड्यावर बोट टेकवायची. मग एका सकाळी दाणा फुटला होता. तांबूस पानांची एक चिमूट, मांजराच्या कानांएवढी. मी ओरडले तेव्हा मालक, आमच्या घरचे, दाढी अर्धी सोडून धावत आले. त्यांना वाटलं विंचू चावला.

पुढच्या साली दुष्काळ. त्यावर लोकांनी पुष्कळ सांगितलं आहे, मी काय नवं सांगणार! आड आटला, आणि आम्ही बायका कोसभरावरून डोक्यावर पाणी आणायला लागलो. आत्याबाई घमेल्यात बसून तांब्याभर पाण्यात अंघोळ करायच्या आणि घमेलं उचलून कलमाला ओतायच्या. "देवाला न्हाई, पर ह्याला आंगूळ हाय," म्हणायच्या. तरी पानं कडेनं तपकिरी व्हायची.

त्या उन्हाळ्यात दादा आले. माळावरून, चार मैल चालून मग एसटीनं, खांद्याला तोच तांब्या. नव्या गावच्या विहिरीचं मचूळ पाणी असायचं त्यात. आले की आधी कलमाजवळ उकिडवे बसायचे आणि जोडावरून अंगठा फिरवायचे. जोड आता गाठीसारखा भरला होता. त्या दिवशी त्यांच्याकडे बघूनच मला कळलं की ते कुठेतरी जाऊन आलेत.

"धरन आटलंय," ते म्हणाले. "गेलो हुतो मळईत."

मी त्यांच्याशेजारी उकिडवी बसले.

"हुबा हाय. काळा पडलाय, पर हुबा हाय. फांद्यांवर गाळ सुकलाय पांढरा. आन् इळा तसाच हाय बेचक्यात." बराच वेळ ते जोडावर अंगठा फिरवत राहिले. "त्या दिशी लावला आसता तर तिन्ही जगली आसती."

मी म्हणाले, "एक जगलं की, दादा." मला खरंतर त्यांच्या गळ्यात पडायचं होतं, पण आमच्यात तसं नव्हतं.

बाहेर ऊन असं होतं की अंगणातली माती पांढरी दिसत होती. त्यांनी तांब्याची फिरकी उघडली, दोन घोट प्यायले, आणि राहिलेलं सगळं पाणी कलमाच्या बुडाशी ओतलं. मी धावत आत जाऊन कळशीतलं पाणी आणलं. "दादा, परतीच्या वाटंला तरी घ्या. मेलं कोन बघतंय?" त्यांनी मान हलवली, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि तसेच उन्हात निघून गेले. कोरडे. मी ते पाणी परत कळशीत ओतलं. एक थेंब सांडू नये म्हणून हात सावरत होते, आणि डोळ्यांतून मात्र सांडत होतं.

त्यानंतर ते दर खेपेला तेच करायचे. दोन घोट स्वतःला, बाकी झाडाला. पाऊस झाला, आड भरला, तरी तेच.

मला मूल झालं नव्हतं. तिसरं वर्ष सरलं. आत्याबाई वाईट बोलणाऱ्या नव्हत्या, पण गावाला तोंडं असतात. पंचमीला पातं लावलं नाही म्हणून तुझ्या बापाचं कलम जगलं, मग तूच नागाचं काय बिघडवलंस म्हणून कूस रिकामी, असंही एकीनं विचारलं. मी तिला काय उत्तर दिलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. रात्रंदिवस मनाला एकच टोचायचं, की माझ्यापायी दादा आपल्या लेकीच्या दारात तहानलेले बसतात.

त्या माघात कलमाला मोहोर आला. अंगानं ते माझ्या खांद्याएवढंही नव्हतं. दादांनी आधीच सांगून ठेवलं होतं, की पहिले दोन-तीन मोहोर खुडून टाकायचे, नाहीतर झाड दमतं. मी खुडायला गेले तर आत्याबाईंनी माझा हात धरला.

"खबरदार. घरात पयल्यांदा येतंय त्येला कुनी खुडतं व्हय?"

त्या पटकन आत निघून गेल्या. मी तिथंच उभी राहिले. मोहोराला तो मधाचा, थोडा आंबूस वास होता, आणि मला एकाएकी मळईत पाठ टेकून पडल्यासारखं झालं, वर पानं, आणि पानांच्या वर पाणी. हे झाड तिकडे तळाशी काळं होऊन उभं आहे आणि इकडे मोरीच्या कडेला मोहोरलंय. दोन्ही एकच आहेत, हे डोक्यात मावतच नव्हतं.

मोहोर बराच गळाला. वाऱ्यानं कैऱ्या झडल्या. ज्येष्ठात मोजकेच आंबे उतरवले आणि गवतात घातले. आता खरा घोर सुरू झाला. घरची माणसं रोज गवत उचलून बघायची आणि म्हणायची, हिरवेच आहेत. ते मला सांगायची गरज नव्हती. फसव्या हिरवाच असतो. पण उकिरड्यावरच्या आंबट रोपाची कैरीही हिरवीच असते. जोडाच्या खालून फुटवा येऊन त्यानंच जोर धरला असेल तर? मी नाक टेकवून वास घ्यायची. कधी बडीशेप वाटायची, कधी नुसतं गवत. मी किती वर्षांत तो वास घेतला नव्हता. कापून बघ म्हणाले सगळे. मी हात लावू दिला नाही. दादांना निरोप धाडला.

ते आले. ओट्यावर बसले, तांब्या शेजारी ठेवला. मी आढीतला एक आंबा त्यांच्याकडे घेऊन निघाले. अजून चार हात लांब होते तेव्हाच त्यांनी मान वर केली.

"पिकलाय," ते म्हणाले.

मी आंबा त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी तो तळव्यावर धरला, देठाकडून नाकाशी नेला आणि डोळे मिटले. मग तो ओट्यावर ठेवून दिला. त्यांना खायचा नव्हता. लेकीचं घर. त्यांच्या गळ्याचा मणी वरखाली झालेला मला दिसला.

आत्याबाई या वेळी दाराआडून बोलल्या नाहीत, सरळ ओट्यावर आल्या. "इवाई, ह्ये आमच्या घरचं न्हाई. उकिरड्यावरचं मूळ तेवढं आमचं. वरचं समदं तुमचंच, तुमच्या मळईतलं. आमी नुसती आंगूळ घातली. आपला आंबा आपन खायाला कुनाची परवानगी लागती व्हय?"

दादांनी एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा मोरीच्या कडेच्या त्या खांद्याएवढ्या झाडाकडे. मग आंबा उचलला. दोन्ही हातांत धरून सावकाश दाबत मऊ केला, देठाचा चीक पिळून टाकला आणि तोंडाला लावला. रस मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला. ते थांबले नाहीत. साल आतून चोखली, कोय चोखून पांढरी केली. आम्ही सगळे उभे. कुणी विचारलंही नाही तोच आहे का म्हणून.

कोय त्यांनी ओट्याच्या कडेला ठेवली. फिरकी उघडली. मला वाटलं आता दोन घोट पितील. पण ते उठले, झाडाजवळ गेले आणि सगळा तांब्या त्याच्या बुडाशी रिकामा केला. शेवटच्या थेंबापर्यंत, उपडा धरून. आंब्याला आत्याबाईंनी वाट काढून दिली होती. आता प्यायच्या पाण्याला तशी वाट नव्हती. पाणी आमच्या आडाचं, आमच्या घरचं, दुसऱ्या कुणाचं म्हणता येणार नाही असं.

परत येऊन ते ओट्यावर बसले. हात चिकट, मिशीला केशरी रस.

"बाय," ते म्हणाले, "पानी आन जरा. प्यायाला."

आत्याबाईंनी मला कोपरानं ढोसलं तेव्हा मी आत पळाले. माठातून तांब्या भरला आणि दोन्ही हातांनी धरून आणला. दादांनी तो घेतला आणि मान वर करून प्यायला लागले. मी त्यांच्या गळ्याकडे बघत राहिले. तांब्या खाली ठेवला तेव्हा तो रिकामा होता.

"आजून दे," ते म्हणाले.